वीस दिवसांचा पगार, तीस दिवसांचा महिना

भारत सरकारच्या ओळखीचं एक कुटुंब आहे. कमावता बाप, घर सांभाळणारी आई आणि दोन मुलं. मुलं दोनच. घरात दम्याची सासू नाही, सासऱ्याच्या गुडघ्यांना लावायचं तेल नाही, ‘पुण्यात काहीतरी बघतो’ म्हणून गावाहून आलेला आणि अजूनही बघतच असलेला मेहुणा नाही. या घरी पाहुणा उतरत नाही, कुणाचा मोबाइल बादलीत पडत नाही आणि पावसाळ्यात कुणाची चप्पल तुटत नाही.

हे कुटुंब जन्माला आलं १९५७ साली, दिल्लीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत. गुलझारीलाल नंदा तेव्हा श्रममंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिघे एकत्र बसले आणि कामगाराला जगायला किती लागतं याचा हिशेब एकदाचा कागदावर मांडला. तेव्हापासून किमान वेतनाचा विषय निघाला की सगळ्यात आधी बोलावणं जातं ते याच कुटुंबाला.

माणसं चार असली तरी बेरीज तीन येते. बाप म्हणजे एक, आई म्हणजे पॉइंट आठ आणि मुलं प्रत्येकी पॉइंट सहा. याला म्हणायचं ‘उपभोग घटक’. कोण किती खातं यावर हे माप ठरलेलं आहे. कोण किती राबतं हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

आमच्याकडे पोळ्याभाजीला येणाऱ्या मावशींना मी हे एकदा सांगितलं. मावशी मूळच्या लातूरकडच्या, धायरीत भाड्याच्या खोलीत राहतात, सिंहगड रस्त्यावरच्या चार घरी पोळ्या लाटतात आणि मग पाचव्या, म्हणजे स्वतःच्या घरी लाटतात. त्यांनी पोळी तव्यावर टाकली, उलटली आणि विचारलं, “मंजी माझे वीस पैसे कापले का?”

“कापले नाहीत मावशी. बायका कमी जेवतात असं धरलंय.”

“जेवतात कमी, ते बरुबर हाय. शेवटी काय उरतंय ते बघून जेवावं लागतंय. पण हे मोजायला कोण आलं होतं म्हणायचं?”

मोजायला आले होते डॉ. वॉलेस एक्रॉइड. हे ब्रिटिश आहारतज्ज्ञ, कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक. त्यांच्या शिफारशीवरून ठरलं की काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २,७०० कॅलरी लागतात. सोबत ६५ ग्रॅम प्रथिनं आणि ४५ ते ६० ग्रॅम स्निग्ध पदार्थ. डॉक्टरांचा अभ्यास पक्का होता. त्यांच्या काळात वडापाव नव्हता, एवढीच काय ती उणीव. एका वडापावात साधारण तीनशे कॅलरी धरल्या तर एका घटकाला दिवसाला नऊ लागतील. तीन घटकांना सत्तावीस. वडापाव पंधरा रुपयांचा धरला तर दिवसाचे ४०५ रुपये आणि महिन्याचे १२,१५०. एवढ्यात सरकारी कुटुंब कॅलरीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतं. घरभाडं, प्रवास आणि पित्ताच्या गोळ्या अर्थातच वेगळ्या.

कामगाराच्या ताटात डोकावण्याची हौस आपल्याकडे याहूनही जुनी आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने मुंबईतल्या कामगारवर्गाच्या घरखर्चाची पाहणी करून १९२३ साली अहवाल छापला. त्यात असं निघालं की इथला कामगार दुष्काळ संहितेत ठरवून दिलेलं जास्तीत जास्त धान्य खातो, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला जेवढं मिळायला हवं, त्यापेक्षा कमी खातो. म्हणजे दुष्काळग्रस्ताच्या बरोबरीचा आणि कैद्यापेक्षा वाईट, अशी त्याची पायरी ठरली. गुन्हा करून आत गेला असता तर दोन घास जास्त मिळाले असते, पण कामावर खाडा पडला असता.

अन्नानंतर वस्त्र. परिषदेने माणशी वर्षाला १८ वार कापड मंजूर केलं, चौघांना मिळून ७२. अठरा वार म्हणजे दोन नऊवाऱ्या. चोळीला कापड शिल्लक नाही, परकराचं नाव काढायचं नाही. आता नऊवारी लग्नात फोटोपुरती नेसतात आणि ती शिवलेली मिळते. पोरांचे गणवेश तर शाळा सांगेल त्याच दुकानातून घ्यावे लागतात आणि तिथे वाराने काहीच मिळत नाही, सगळं ‘सेट’मध्ये मिळतं. कमरेला ढगळ, पायाला आखूड. पण मोजमाप करणाऱ्यांचं काळाबरोबर चालणंही वाखाणायला हवं. २०२० साली वेतन संहितेच्या केंद्रीय नियमांचा मसुदा निघाला, तेव्हा कुटुंब तेच होतं, घटक तीनच होते, कॅलरी २,७०० च होत्या. कापड मात्र बदललं. ७२ वारांचे ६६ मीटर झाले. त्रेसष्ट वर्षांत देशाने दशमान पद्धत स्वीकारली, याची नोंद कामगाराच्या अंगावर एवढ्याच रूपाने झाली.

त्याच मसुद्यात घरभाड्याचं एक वाक्य आहे आणि विनोदी लेखकाने त्यापुढे हात जोडावेत. अन्न आणि कापड यांवर जो खर्च होईल, त्याच्या १० टक्के घरभाडं धरावं. समजा महिन्याला अन्नाला आणि कापडाला मिळून १५,००० रुपये लागले, तर भाडं झालं १,५००. पुण्यात दीड हजारात गाडी लावायला जागा मिळते. गाडीत राहायची परवानगी हवी असेल तर सोसायटीच्या सचिवांना भेटावं लागेल. मावशींना मी हा दर सांगितला. त्यांना वाटलं घरकुलाची नवी योजना निघाली. त्यांनी लगेच विचारलं, “फारम कुठं मिळतंय?”

खऱ्या भाड्याचा कारभार असा चालतो. खोली दहा बाय बाराची. जाहिरातीत तिला ‘वन आरके’ म्हणतात. डिपॉझिट आधी, एक महिन्याची दलाली त्याच्याही आधी. करार अकरा महिन्यांचा. अकरावा महिना जवळ आला की घरमालकाला आपला पुतण्या लग्नाचा झाल्याची आठवण होते. भाडं वाढवून दिलं की पुतण्याचं लग्न पुढे ढकललं जातं. नाहीच जमलं तर टेम्पो बोलवायचा. फ्रीज, दोन पलंग, देव्हारा आणि पाण्याचं पिंप घेऊन संसार एक गल्ली पुढे सरकतो. पोरांची शाळा मात्र सरकत नाही.

विजेची गंमत तर शासनानेही ठरवून केलेली नसेल. महावितरणचा पहिल्या १०० युनिटांचा दर सगळ्यात कमी असतो, का तर गरिबाला परवडावी. पण तो स्वस्त दर मिळायला घरात स्वतःचं मीटर लागतं आणि मीटर मालकाच्या नावावर असतं. एका मीटरवर आठ खोल्या. आठ खोल्यांचे पंखे एकत्र फिरले की बिल थेट वरच्या टप्प्यात जातं, मालक त्यात आपले दोन रुपये मिळवतो आणि सबमीटरवर वसूल करतो. आमच्या इमारतीत एक एकटे गृहस्थ वर्षातले आठ महिने मुलाकडे न्यू जर्सीला असतात. शंभर युनिटांच्या आतला तो पुण्यवान दर त्यांना मिळतो.

आता महिना बघू. महिन्याची पहिली तारीख आणि पंचविसावी तारीख यांत कामकरी घरात जेवढं अंतर पडतं, तेवढं पुण्यात आणि मुंबईत नाही. पहिल्या आठवड्यात मावशी किराणा दुकानात यादी घेऊन जातात. तेलाची पिशवी, पाच किलो तांदूळ, दोन किलो साखर, कपड्यांची पावडर. दुकानदार स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं काढतो, “बसा मावशी” म्हणतो. पंधरवडा उलटला की यादी जाते आणि बोटं येतात. “पावशेर तूरडाळ, अर्धा किलो साखर.” पंचवीस तारखेनंतर वजनच संपतं आणि नाणी सुरू होतात. “दहाची चहापूड, पाचची हळद, एक शाम्पूची पुडी.” दुकानदार तेव्हा स्टुलावर चढत नाही. पुड्या गल्ल्याशीच लटकवलेल्या असतात.

या पुड्यांचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. दहाच्या चहापुडीवरचं वजन बघितलं, त्यावरून किलोचा भाव काढला आणि तो मोठ्या पुड्याशी ताडून पाहिला. गरीब माणूस चहा महाग पितो. मोठा पुडा स्वस्त पडतो, पण त्यासाठी एका वेळी मोठे पैसे लागतात आणि ते पंचविसाव्या तारखेला नसतात. स्वस्ताई ही घाऊक वस्तू आहे, ती किरकोळीत मिळत नाही. मावशींना हे अर्थशास्त्र समजावून सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, “ते म्हाईत हाय ताई. पण मोठा पुडा आणला की हे दिवसातून चारदा च्या मागतेत. पुडी संपली की संपली.” एवढा बारीक विचार केलेला नियोजनकार मी तरी दुसरा पाहिला नाही.

बिस्किटाच्या पुड्याची मात्र दाद द्यायला हवी. तो वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच आहे. महागाईला तो शरण गेला नाही. फक्त दरवेळी जरा बारीक होतो, आमच्या डॉक्टरांनी सांगूनही मला जे जमलं नाही ते त्याने जमवलं.

भाजीचा भाव कळायला वर्तमानपत्र लागत नाही, भाजीवाल्याची भाषा ऐकली की पुरे. टोमॅटो उतरले की तो रस्त्याच्या पलीकडून ‘वीसला किलो, वीसला किलो’ ओरडतो. टोमॅटो चढले की किलो हा शब्द त्याच्या तोंडून जातो आणि हलक्या आवाजात ‘तीसला पाव’ सुरू होतं. त्याच्याही वर चढले की तो भाव सांगतच नाही, “किती देऊ?” एवढंच विचारतो. आणि भाजीवर फुकट मिळणारी कोथिंबीर ज्या दिवशी बंद होते, त्या दिवशी महागाई अधिकृतपणे सुरू झाली असं समजावं.

अधिकृत निर्देशांक वेगळा असतो. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचा श्रम ब्युरो काढतो, आणि या ब्युरोचं नाव घेतलं की सिमला आठवतं. डोंबिवलीच्या लोकलमध्ये घामाघूम होणाऱ्या माणसाची महागाई वर्षानुवर्षं त्या थंड हवेच्या ठिकाणी मोजली जात होती, हे एका परीने बरंच होतं. डोकं शांत राहायचं. २०१६ हे पायाभूत वर्ष धरलेल्या या निर्देशांकात शंभरपैकी ३९.१७ भाग अन्नाला, १६.८७ भाग घराला आणि २.०७ भाग पान, सुपारी, तंबाखू आणि मादक पदार्थांना आहेत. सरकारला कामगाराची तंबाखू दोन दशांश स्थळांपर्यंत माहीत आहे. घराचा वाटाही इथे बऱ्यापैकी माहीत आहे. मग वेतन ठरवताना तेच घर अन्नवस्त्राच्या दहा टक्क्यांत कसं बसतं, हे कोडं एकाच सरकारची दोन टेबलं आपापसांत सोडवतील तेव्हा सुटेल.

या निर्देशांकावरून महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता ठरतो. तो वर्षातून दोनदा बदलतो, १ जानेवारीला आणि १ जुलैला. महागाई मात्र इतकी शिस्तीची नाही, ती सकाळी दुधाबरोबर येते. १ जून २०२५ ला पुण्याच्या पीएमपी बसचा मासिक पास ९०० वरून १,५०० झाला. भत्त्याने सावकाश येऊन पाहिलं तेव्हा मावशींनी एका बाजूचा प्रवास पायी सुरूही केला होता. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका रोज दहा हजार पावलं चालण्यासाठी हाताला घड्याळ बांधतात. मावशींना ते घड्याळ लागत नाही.

वर्षात पगार बारा होतात आणि मोबाइलचे रिचार्ज तेरा. मोबाइल कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. कामकरी घरात फोन ही चैन आहे असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की सुपरवायझरचा ‘उद्या रात्रपाळी’ हा निरोप फोनवर येतो, पोरांचा गृहपाठ फोनवर येतो, गॅसच्या सिलिंडरचा आकडा फोनवर येतो आणि ‘लाडक्या बहिणी’चे दीड हजार जमा झाल्याचा आनंदही फोनवरच येतो. रिचार्ज आणि पगार यांचं गणित साध्या वर्षात एकदाच जुळतं, फेब्रुवारीत. दोघेही अठ्ठावीस दिवसांचे. कामगाराने जरा हुश्श करावं, तर व्यवसाय कर आड येतो. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाला हा कर अकरा महिने २०० रुपये असतो आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार पुरे करायचे, म्हणून सगळ्यात लहान महिन्यावर सगळ्यात मोठा हप्ता टाकलेला आहे.

या सगळ्यात महिन्याचं शेवटचं टोक गाठायची साधनं ठरलेली आहेत. आधी दुकानातली वही, मग भिशी, मग कंत्राटदाराकडून उचल, मग कानातलं. कानातलं सोडवून आणलं की पुन्हा वही. मावशींच्या कानात काय आहे ते बघून मला तारीख सांगता येते.

मावशींचे यजमान आमच्याच सोसायटीच्या फाटकावर सिक्युरिटीत आहेत. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांची पाळी सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे बारा तासांची. गेल्या सर्वसाधारण सभेत काकांनीच खुर्च्या मांडल्या, माइकची वायर जोडली आणि बटाटेवड्यांच्या बश्या फिरवल्या. विषय क्रमांक सहा: सुरक्षा व्यवस्थेचे कंत्राट.

खजिनदारांनी तीन कोटेशनं वाचून दाखवली. पहिल्यात किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, बोनस, रजा असं सगळं फोड करून लिहिलं होतं. ते वाचून होईपर्यंत सभेत कुजबुज सुरू झाली. “एवढं कशाला लिहितात? घाबरवायला?” दुसऱ्या कोटेशनात आकडा कमी होता आणि फोडही कमी होती. तिसऱ्यात एकच आकडा होता, सगळ्यात लहान. त्या एजन्सीच्या कागदावर वाघाचं चित्र होतं. सभेने वाघ पसंत केला.

तरी एका सदस्याने विचारलं, “इतक्या कमी पैशांत तो माणसाला देणार काय?” अध्यक्ष म्हणाले, “तो त्याचा अंतर्गत प्रश्न आहे.” मग बी विंगमधले एक निवृत्त गृहस्थ उठले. महागाई भत्त्याचा फरक तीन महिने उशिरा मिळाला म्हणून यांनी पूर्वी आझाद मैदानावर धरणं धरलेलं आहे. ते तळमळीने म्हणाले, “महागाई किती वाढलीय याची कमिटीला कल्पना आहे का? अशा दिवसांत मेंटेनन्स वाढवणं म्हणजे सभासदांवर अन्याय आहे!” टाळ्या पडल्या. महागाई वाढली आहे, म्हणून पगार वाढवता येत नाही, हा ठराव एकमताने संमत झाला. सूचक बी विंग, अनुमोदक सी विंग. काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्यांच्या हातात चटणीचं भांडं होतं. पहिल्या आणि तिसऱ्या कोटेशनातला फरक मी बशीवरच्या कागदी रुमालावर काढला होता. दर फ्लॅटमागे तो महिन्याला एका पिझ्झ्याइतकाही येत नव्हता.

आपल्या संविधानाचं ४३ वं कलम सांगतं की कामगारांना निर्वाह वेतन मिळावं, माणसासारखं राहता यावं, आणि फुरसतीचा व सामाजिक-सांस्कृतिक संधींचा पुरेपूर उपभोग घेता यावा, यासाठी राज्याने झटावं. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. पण त्यातली फुरसत काकांना मिळाली होती. एकदा त्यांना सलग दुसरी पाळी करावी लागली आणि पहाटे साडेतीनला खुर्चीत त्यांचा डोळा लागला. कॅमेऱ्याने तो उपभोग टिपला आणि सकाळी सातच्या आत तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर होता. खाली छत्तीस प्रतिक्रिया. ‘यासाठी पैसे देतो का आपण?’ असा प्रश्न विचारणाऱ्या सदस्याने सकाळी नऊला ‘आज घरूनच काम करतो’ असं ऑफिसला कळवलं आणि तो परत झोपला. सांस्कृतिक संधीसाठी गणेशोत्सव आहेच. दहा दिवस काका मांडवाबाहेर उभे राहून पूर्ण ऑर्केस्ट्रा ऐकतात.

इतकं झाल्यावर मी पुन्हा त्या सरकारी कुटुंबाकडे वळले आणि मला त्याचा हेवा वाटू लागला. १९५७ च्या त्या ठरावात एक अट होती: वेतन ठरवताना बाई आणि मुलं यांची कमाई धरायची नाही. म्हणजे एकाने कमवावं आणि चौघांनी पोटभर जेवावं, असा तो हिशेब होता. आम्ही जिला हसलो त्या पॉइंट आठच्या बाईला दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला जावं लागणार नाही, असं त्या टेबलाशी बसलेल्यांनी धरलं होतं.

पुढची चौतीस वर्षं या कुटुंबात कुणी शाळेत गेलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, कुणी म्हातारं झालं नाही आणि कुणाचं लग्न ठरलं नाही. १९९१ साली रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या कामगारांचा खटला चालला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या हे लक्षात आलं. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ आणि करमणूक, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी किमान वेतनात २५ टक्के भाग असायला हवा, असं न्यायालयाने सांगितलं. करमणूकसुद्धा! म्हणजे कायद्याच्या नजरेने काकांनी मावशींना घेऊन वर्षातून एखादं नाटक बघायला हरकत नाही. मी मावशींना हेही सांगितलं. त्या बराच वेळ पीठ मळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “त्या सरकारी घरात एक खोली रिकामी हाय का बघा की.”

त्या घरात जागा नाही. दुरून हसण्यासारखा वाटणारा तो हिशेब कंजूष नव्हता. भाडं त्याला कधी जमलं नाही, हे खरं. बाकीचं पुष्कळ जमलं होतं. एवढ्यावर काम झालं असतं तर पंचविसाव्या तारखेच्या पुड्या कमी झाल्या असत्या. अडचण अशी की त्या कागदावरच्या घराला जेवढं द्यायचं ठरलं, तेवढंही फाटकावरच्या माणसाला आपण देत नाही, आणि न देण्याचा ठराव वडे खात मंजूर करतो.

तेव्हा वाचकहो, दिल्लीचा आणि सिमल्याचा विचार नंतर करू. तुमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा त्याआधी येईल. सुरक्षेच्या कंत्राटाचा विषय निघाला की उठा आणि दोनच गोष्टी विचारा: पाळी किती तासांची आहे आणि पैसे किती तासांचे आहेत? किमान वेतन आठ तासांचं असतं. त्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर द्यायचा असतो. म्हणजे बारा तासांच्या पाळीचे पैसे सोळा तासांचे होतात, दोन पूर्ण हजेऱ्या. तुमच्या कंत्राटात एकच हजेरी लिहिलेली असेल, तर दुसरी कुणीतरी भरतं आहेच. धायरीच्या दहा बाय बाराच्या खोलीतली बाई ती दहाच्या चहापुडीतून आणि पायी केलेल्या परतीच्या वाटेतून भरते. तो खर्च आपल्या मेंटेनन्सचा आहे. तो आपण भरावा.